पानाचा दगड

सोमवार, २
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
शुक्रवारी सातवीला जीवाश्मांचा पाठ. मुख्याध्यापिका स्वतः मागच्या बाकावर बसणार. शाळेच्या कपाटात जीवाश्म म्हणून एक प्लास्टिकचा डायनासोर, तोही तीन पायांचा. म्हणून सासऱ्यांकडून त्यांची पेटी आणली. भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, जन्मभर दगड गोळा केले. देताना बिचाऱ्यांचा जीव खालीवर होत होता. शुक्रवारी स्वतः येऊन मुलांना दाखवणार आहेत. म्हणाले, पाणी लावू नका, मऊ ब्रशने नुसती धूळ झटका. हो म्हणालो. विज्ञान मीही शिकवतो म्हटलं.
लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस अजून माझ्या बुटांकडे बघून बोलतो.
संकल्प: पेटी अशी चकाचक करायची की शुक्रवारी माझ्या डोळ्यांकडे बघतील.

मंगळवार, ३
काय ती धूळ! प्राध्यापक असले तरी टापटीप नाही. दगडात रुतलेला एक शिंपला व्हिनेगरमध्ये टाकला. मस्त फेस आला, म्हणजे घाण निघत होती. बायको म्हणाली, बाबांना विचारलंस का? म्हटलं, सगळं बाबांनाच विचारायचं तर पाठही त्यांनीच घ्यावा. जेवण होईपर्यंत शिंपल्यावरच्या रेघा गेल्या. हरकत नाही. गुळगुळीत बरा, मुलांच्या हाताला लागणार नाही.
बाकीचे मागच्या बेसिनमध्ये घेतले. एका चपट्या करड्या दगडावर हा एवढा काळा डाग! साबण आणि जुना टूथब्रश. हात भरून आले, पण सोडलं नाही. आता दगड पाटीसारखा स्वच्छ. बेसिन मात्र काळं झालंय. उद्या घासतो.

बुधवार, ४
बायको बेसिनवरून बोलली. उद्या नक्की.
सासऱ्यांचा फोन. बाकी कशाचं विचारलं नाही, फक्त पानाचा दगड नीट आहे ना. कुठलं पान, म्हटलं. म्हणाले, सासूबाईंना सापडलेलं. लग्न नवीन होतं, त्या खाणीवर नुसत्या डबा घेऊन गेल्या होत्या. दगड फोडला यांनी, पण पान आधी दिसलं त्यांना. पाठाची सुरुवात त्यानेच करायची आहे. सासूबाई गेल्यापासून एवढं सलग ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. बरं वाटलं.
पेटी उपसली. पान नाही. वय झालं, घरीच राहिलं असेल. तसं फोन करून सांगितलं. म्हणाले, नाही हो, चपटा करडा दगड, त्यावर काळं पान.
चपटा करडा एकच आहे.

बुधवार, संध्याकाळ
शांत डोक्याने विचार केला. चूक कुणाची? पान आहे हे आधी सांगायला नको? असं पान म्हणजे कोळशाचा पातळ पापुद्रा असतो, घासला की निघतो, हे आत्ता वाचलं. सातवीच्याच पुस्तकात आहे. दरवर्षी शिकवतो मी.
बायकोला सांगायला गेलो. तिच्या आईचंच पान शेवटी. पण ती बेसिनवरून आधीच तापली होती. उद्या.

गुरुवार, ५
मार्ग सापडला! समोर कुंडीतलं मनी प्लांटचं पान, हातात मुलीचं काळं स्केचपेन. पहिलं बदकासारखं आलं. पुसलं. दुसरं जिभेसारखं. तिसरं झकास, शिरांसकट. मूळचं इतकं स्पष्ट नसणारच. शिवाय सासऱ्यांना मोतीबिंदू आहे. देव पाठीशी आहे माझ्या.
बेसिन राहिलं.

शुक्रवार, ६
सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. दगड छातीशी धरून बोलत होते. माझ्यापेक्षा बरं बोलतात, मान्य. वर्ग चिडीचूप. मग दगड बाकांवरून फिरला. पहिल्याच बाकावरच्या मुलीने बोटं वर केली. काळी. म्हणाली, सर, पानाचा रंग लागतोय. सगळा वर्ग हसला. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत.
सासऱ्यांनी दगड मागून घेतला, खिडकीशी नेला, अगदी डोळ्यांजवळ धरला. मग वळून म्हणाले, जुन्या दगडांचा रंग लागतो कधी कधी. आणि पुढचा नमुना उचलला. वाचलो!
गाडीने त्यांना घरी सोडलं. दार उघडून उतरले आणि वाकून पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघितलं.
"तिच्या पानाचं टोक तुटलेलं होतं, जावईबापू. तुम्ही अख्खं काढलंत."
सॉरी म्हणालो बहुतेक. ते म्हणाले, "पोरीला मी नाही सांगणार. ते तुम्ही सांगा."
दगड सीटवरच ठेवून गेले.

शनिवार, ७
नीट झोप नाही. संकल्प: आज सांगायचं. काय वाटेल ते होवो.
दाढी करताना हात थांबला. पान गेलं कुठे? कुठे जाणार, मागच्या बेसिनमध्येच आहे की! तो काळा थर. खरवडून कागदात घ्यावा, बायकोला दाखवून सगळं सांगावं, मग दोघांनी जाऊन सासऱ्यांना द्यावा. काहीच नसण्यापेक्षा बरं. आठवड्यात पहिला शहाणा विचार. तोंडाला फेस तसाच, स्वयंपाकघरातून चमचा घेऊन गेलो.
बेसिन पांढरंशुभ्र. बायको हातमोजे काढत होती. नळ चालू होता.
म्हणाली, "तुझ्या भरवशावर बसले असते तर झालंच असतं. बघ, कसं लख्ख निघालं. पाच मिनिटांचं काम."
बघितलं. छान निघालंय, म्हणालो.
चमचा कशाला, तिने विचारलं.
चहाला, म्हणालो.