लाल डब्यातले बाबा

४ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

बाबा गेल्यापासून आई कायमची तुझ्याकडे आहे, आणि मी फोन केला की तोही तूच उचलतोस. जळते मी तुझ्यावर, स्पष्टच सांगते. म्हणून बाबांच्या चित्रणाची जुनी कॅसेट मी लाल डब्यातल्या नव्या तबकडीवर उतरवून घेतली. तुझ्या दुकानात सगळी यंत्रं अन् तबकड्या लालवाल्यांशी स्पर्धा करणाऱ्या निळ्या डब्यांच्या. तुझ्या यंत्रात ही लाल तबकडी चालायची नाही, हे तुझ्या दाजींनी आधीच विचारून ठेवलंय!

एक प्रत सोबत पाठवतेय, हातात घेऊन बघत बस. बाबांना बघायचं असेल तर आईला माझ्याकडे धाड. राहू दे की वर्षभर.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या लालवाल्यांनी हात टेकले, वाचलंस ना? त्यांची यंत्रं निघायचीच बंद झाली. दाजींना म्हणावं, त्या तबकड्यांवर आता चहाचे कप ठेवा.

लाल यंत्र मातीमोल झालं, तसं मी एक पिशवीत लपवून घरी आणलं. गिऱ्हाइकांनी पाहिलं असतं तर अब्रूच गेली असती! म्हटलं, आता आईला तुझ्याकडे जायला निमित्तच नको. आपल्या लहानपणी तिचं तुझ्यावाचून पान हलत नसे. तिकडे रमली तर परत येईल का, ही धास्ती मला आहे, ताई.

पण मेलं ते यंत्र चालेल तर शपथ. कारागीर आला की मुकाट चालतं, त्याची पाठ वळली की पडदा काळा. शेवटी आईच म्हणाली, ताईकडे जाऊन येते. मला नाही म्हणवेना. लवकर परत पाठव.

लोभ असावा, निदान आईइतका तरी.
तुझा भाऊ

३ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

यंत्र ठणठणीत आहे. मागची तार मीच उपसून ठेवते, कारागीर येणार म्हटलं की परत खोचते. म्हातारीला यातलं काय कळतंय, असं भाऊला वाटतं. त्याला सांगू नकोस, बिचारा रडकुंडीला आलाय.

माझ्यावरून दोघं भांडता, पण मला कुठे राहायचंय हे एकानेही विचारलं नाही. शनिवारी पोचते. हा दुकानात असताना तबकडी मी चार वेळा पाहिली, तेव्हा ती लावायची घाई करू नकोस. मी तुला बघायला येतेय.

तुझी
आई