दक्षिणेस विहीर

४ जानेवारी

सनद लागली! पणजोबांना ही जागा मिळाली त्याचा तो जुनाट, चुरगळलेला कागद — मोडीतलं अक्षर न् अक्षर लावलं. दुपारी खाली जाऊन टिपण दादाच्या हातात ठेवलं. त्यानं चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "वाळवी कामाची निघाली की गं!"

इतकी वर्षं मी दप्तरखान्यात बसून लोकांच्या खापरपणजोबांचे जमिनीचे कागद वाचून देते, म्हणून हा मला वाळवी म्हणतो. आज पहिल्यांदा त्या हाकेत कौतुक होतं. इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. पन्नाशी उलटलेली बाई मी!

पूर्वेस गाडीवाट, पश्चिमेस ओढा, उत्तरेस दगडी बांध, दक्षिणेस विहीर. विहिरीपलीकडे दुसऱ्याची जागा. दादाला घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक काढायचंय. पहिल्याच पानावर हे घालणार म्हणतो.

वहिनी मध्येच : "इतिहास झाला असेल तर जरा भूगोलाकडे बघा. सिंकखालची फरशी पुन्हा खचलीय." हे रडगाणं ती लग्न होऊन आल्यापासूनचं.

५ जानेवारी

एक गोष्ट टोचतेय. लिहूनच टाकते.

सनदेत बांधापासून विहिरीपर्यंतची लांबी काठ्यांत दिलीय. पण काठी केवढी, ते नाही. तेव्हा जो तो मोजणीदार आपली काठी घेऊन यायचा — कुणाची आखूड, कुणाची लांब. आखूड काठीनं मोजलं तर आमची हद्द आमच्याच स्वयंपाकघरात संपते. हसूच आलं. ओट्यापाशी कुणाची हद्द संपते का! लांब काठी धरली की थेट कोपऱ्यावरच्या विहिरीशी पोचते. म्हणून लांब धरली.

परक्याचं काम असतं तर खाली ठरलेलं वाक्य लिहिलं असतं : 'काठीचे माप निश्चित नाही, जागेवर खात्री करावी.' प्रत्येक टिपणाखाली लिहिते, डोळे मिटून. दादाच्या टिपणाखाली नाही लिहिलं. तो म्हणाला असता, म्हणजे तुला नक्की काही माहीतच नाही तर! घरचंच काम, पुस्तकात तर छापायचंय. कुणाचं काय बिघडणार आहे?

१२ जानेवारी

बिघडलं.

कोपऱ्यावरच्या विहिरीच्या अलीकडे शिवणमावशीचं घर आहे. हे मला माहीत नव्हतं? आई गेल्यावर माझे शाळेचे कपडे त्याच घरात शिवले गेले, वेणीसुद्धा मावशीच घालायची. पण मी कागद वाचते तेव्हा कागदच बघते. घर दिसलं ते दादाला. त्यानं वकिलामार्फत मावशीला नोटीस धाडली — जागा आमची, सोडा. सोबत माझं टिपण. माझ्या सहीचं!

"तू तर पुस्तक म्हणाला होतास!"

"अगं, इतिहास काय नुसता वाचायला असतो?"

तशीच वर आले.

१५ जानेवारी

मावशी आली होती. गळ्यात मोजपट्टी तशीच, नोटीस कापडाच्या पिशवीत.

"आमचा कागद उंदरांनी खाल्ला, तुला ठाऊकच आहे. आता जे काय आहे ते तुमच्या कागदात. तो तू वाचलायस. मला वकिलाचं काही कळत नाही, पण तुला मी ओळखते. सांग बाई, खरंच आमची नाही?"

काठीचं सांगणार होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात दादा शेजारच्या खोलीत खाकरला.

"कागदात विहिरीपर्यंत आपलं... म्हणजे आमचं आहे, मावशी."

खोटं नाही बोलले. विहीर आहेच कागदात! वा गं शहाणे!

ती माझ्या बाहीकडे बघत बसली. म्हणाली, "उसवलीय. ये कधीतरी, दोन टाके घालून देते."

१६ जानेवारी

उसवल्या बाहीचा ब्लाऊज ट्रंकेत तळाशी टाकला.

२१ जानेवारी

कसं लिहू हे!

फरशीसाठी गवंडी आला. सिंकखालच्या फरश्या काढल्या, माती उपसली, तर खाली कुजक्या फळ्या. फळ्यांखाली पोकळी. गोल, दगडांनी बांधलेली. "बाई, ही विहीर आहे," तो म्हणाला. "कुणीतरी झाकून वर घर वाढवलंय. फरशी खचणार नाही तर काय होणार?"

गुडघ्यावर बसून बघितलं. काठाच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा. एका खाचेत बोट घातलं. चांगली खोल होती. पिढ्यान् पिढ्या पाणी ओढलंय इथून.

आखूड काठीच खरी! सनदेतली विहीर ही. कोपऱ्यावरची मागाहून खणलेली. म्हणजे आमची हद्द सिंकपाशी संपते. त्यापुढची मागची खोली, अंगण, मावशीचं घर — यातलं काहीएक आमचं नव्हतं; विहिरीपलीकडचं सगळं मावशीच्या घराण्याचं. आणि मी काय केलं? विहिरीवरून काठी ठरवली आणि त्याच काठीनं विहीर सिद्ध केली! नवशिक्यानं असं केलं असतं तर मी त्याला दप्तरखान्यात पाऊल टाकू दिलं नसतं.

दादा आला. वाकून बघितलं. त्याला कळलं, चेहऱ्यावर दिसलं मला. गवंड्याला म्हणाला, "जुनी टाकी असणार. काँक्रीट ओत." मग माझ्याकडे वळून, "टाकीच ना गं?"

"हं."

लाज नाही वाटली मला. हं म्हणे!

२३ जानेवारी

काँक्रीट वाळलं. वहिनी खूश. फरशीवर गोटी ठेवून दाखवली, हलत नाही.

२५ जानेवारी

वहिनीला सगळं सांगून टाकलं, भांडी पुसता पुसता. ती ताट हातात धरून उभीच राहिली.

"म्हणजे मागची खोली मावशींची?"

"हो."

"वन्सं, लेकाचा संसार तिथं मांडणार होते मी." मग ताट फडताळात ठेवून, "मावशींना माहितीय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

बरोबर आहे तिचं. चुकीच्या माणसापुढं मन मोकळं करून मला हलकं व्हायचं होतं. भित्री आहे मी. लोकांना त्यांच्या सीमा दाखवत फिरते — कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच.

२९ जानेवारी

नवं टिपण लिहिलं. काठी, दोन विहिरी, सिंक — सगळं. आणि माझी चूक, पहिल्या ओळीत. आधी दादाला दिलं.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"तूच."

"हे बाहेर गेलं तर आपला संबंध संपला. कुठं राहतेस ते तरी बघ! मागच्या खोलीच्या वर!"

खरंच की! मी तर मावशीच्याच जागेवर राहतेय. रडता रडता हसू फुटलं, तो आणखीच चिडला. म्हटलं, संपला तर संपला.

तशीच मावशीकडे गेले. आधी तिच्या तोंडावर सांगायचं, मग वकिलाकडे. तर दाराला कुलूप. कापड आणायला गेली असेल. उसवलेला ब्लाऊजही नेला होता, ट्रंकेतून काढून. सकाळी जाते.

३० जानेवारी

कापड आणायला नव्हती गेली. सही करायला गेली होती.

जागा सोडल्याचा कागद झालासुद्धा, नोंदलासुद्धा. चारही सीमा माझ्याच शब्दांत, दक्षिणेस 'कोपऱ्यावरची विहीर'. सनदेत जे नव्हतं ते आता या कागदात आहे. पुढं कुणी वाचला तर त्याला चूक सापडायची नाही. मी दादाच्या वकिलापुढं माझं नवं टिपण धरलं. त्यानं वाचलं, मान हलवली. "ती भांडली असती तर उपयोग होता. मी समोरच्या बाजूचा असून म्हटलं तिला, आजी, दुसऱ्या कुणाकडून एकदा वाचून घ्या. तर म्हणाली, कशाला? माझी पोर खोटं वाचायची नाही."