नागेंद्रला प्रवेश नाही

१० जून, सोमवार
थोरल्या भावाच्या, अण्णाच्या दुखवट्याला आज शेवटचे पाहुणे येऊन गेले. ऑफिसला गेलो नाही. दुपारी आमटी-भात. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत पुन्हा तेच. जेवण गेलं नाही.

बेळगावातल्या अनगोळचा नागेंद्र आला होता, अण्णाचा मित्र. सगळ्यांसमोर सांगत होता की शहाण्णव साली निपाणीत कॉम्प्युटरवरचा बुलेटिन बोर्ड 'आम्ही दोघांनी' काढला. लोक फोन लावून बोर्डावर यायचे, निरोप लिहून जायचे, बेळगाव-कोल्हापूरपर्यंत नाव होतं, वगैरे. पाहुणे मान डोलवत होते. आम्ही दोघांनी म्हणे. कॉम्प्युटर अण्णाचा, फोन आमचा, आप्पांच्या शिव्या अण्णाला. नागेंद्र बेळगावहून यायचा आणि खुर्चीत बसायचा.

मी बोलत नाही. आता दाखवतो.

११ जून, मंगळवार
ठरलं. अण्णाचा बोर्ड पुन्हा चालू करणार. पहिल्या पडद्यावर फक्त अण्णाचं नाव. मग नागेंद्रला आमंत्रण. तो येईल, आपलं नाव टाकेल, की लाल अक्षरांत: प्रवेश नाही.

सकाळी जैन बस्तीत जाऊन देवासमोर नियम घेतला. नागेंद्र बोर्डाच्या दारातून परत जाईपर्यंत चहा बंद. उपाध्यांनी कारण विचारलं. अण्णाच्या आठवणीसाठी, असं सांगितलं. ते खोटं नाही.

१३ जून, गुरुवार
अण्णाचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. चालतो, पण आतली डिस्क कोरी झालीय. जुनी सिस्टीम नव्यानं घालावी लागणार. डॉस, विंडोज ९८ की ओएस टू? इंटरनेटवर हौशी लोक यावर अजून भांडतात. मला भांडण नको. नागेंद्र विंडोज ९८ चा भक्त आहे, म्हणून ९८ बाद. ओएस टू घ्यायचं. एकाच वेळी बोर्डावर चार माणसं आली तरी डगमगत नाही म्हणतात. शास्त्रशुद्ध निर्णय. रविवारी बोर्ड चालू.

डोकं ठणकतंय. कॉफी घेतली. नियम चहाचा आहे.

१६ जून, रविवार
ओएस टू बसलं. नेटवर्कचं कार्ड ओळखत नाही. निर्णय बरोबर होता, कार्ड चुकीचं.

ब्राह्मीवहिनींनी दारातून विचारलं, ह्यांच्या खोलीत दिवसभर काय चाललंय. अण्णाचं स्मारक करतोय, म्हटलं. त्या म्हणाल्या, स्मारक शिव्या देतंय भावजी, स्वयंपाकघरात ऐकू येतंय.

१९ जून, बुधवार
डॉस. पहिल्यापासून माझ्या मनात डॉसच होतं. अण्णाचा मूळ बोर्ड डॉसवरच चालायचा.

संध्याकाळी: डॉसला आजचं नेटवर्क शिकवायला एक प्रोग्राम लागतो. त्याला कार्डाशी बोलायला दुसरा. दोन्ही घातले की बोर्डाला मेमरी उरत नाही. डॉसचं युग संपलंय, हे लोकांनी मान्य करायला हवं.

कॉफीनं पित्त झालं. धने-जिऱ्याचा कषाय प्यालो, दूध घालून. शेजारचे मारुतीराव म्हणाले, चहा घेताय वाटतं. नियम दिसण्याचा नाही.

२३ जून, रविवार
विंडोज ९८. तात्पुरतं. त्यात नेटवर्कची सोय आधीपासून असते, एवढंच कारण. यात नागेंद्रचं काही खरं ठरत नाही.

कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, तेवढा हवा. तो नागेंद्रकडेच आहे असं कळलं. मी मागितला नाही. वहिनींनी फोनवर मागितला. मी फक्त कार्डाचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला. आणि फोन लावून दिला.

२५ जून, मंगळवार
नागेंद्रनं बेळगावच्या बसच्या कंडक्टरकडं सीडी दिली होती. स्टँडवर जाऊन घेतली. सोबत मिठाई, कुंद्याचा बॉक्स. ही लाच आहे. वहिनींनी आग्रह केला म्हणून खाल्ला. नंतर अजून थोडा, आग्रहाशिवाय.

ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला. बोर्ड चालू झाला. पडद्यावर अण्णाचं नाव आलं, 'सन्मती'. बघत बसलो. मग बंदीची यादी उघडली आणि एकच नाव घातलं.

२८ जून, शुक्रवार
बोर्ड घरातल्या घरात दिसतो, बाहेरून दिसत नाही. नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या अख्ख्या गल्लीला मिळून बाहेर एकच पत्ता आहे, बाहेरचा माणूस नेमका तुमच्याच घरी कसा येईल.

म्हणजे नागेंद्रला हाकलायचं तर आधी घरी बोलवायला हवं. हरकत नाही. समोरासमोर जास्त बरं, चेहरा दिसेल. वहिनींना सांगितलं, रविवारी त्याला जेवायला बोलवा.

३० जून, रविवार
नागेंद्र दुपारी लॅपटॉप घेऊन आला. बाहेरच्या सोप्यात बसवलं. अण्णाच्या खोलीतून वायर आणून त्याच्या लॅपटॉपला लावली. वहिनींनी त्याला वेलदोड्याचा चहा दिला. मी पाणी प्यालो.

त्यानं नाव टाकलं. लाल अक्षरं आली. मी चेहऱ्याकडंच बघत होतो. आधी काहीच नाही. मग हसायला लागला. मग चष्मा काढून पुसत बसला.

"अस्संच करायचा रं सन्मती. भांडण झालं की मला बंदी. दुसऱ्या दिवशी आपणच उठवायचा आन् फोन करून इचारायचा, का आला न्हाईस म्हणून."

त्यानं वहिनींना हाक मारून दाखवलं. त्या पडद्यावरच्या अण्णाच्या नावावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. नागेंद्रनं लाल अक्षरांचा फोटो काढला, घरी लावणार म्हणाला. दिवस मावळायच्या आत आमच्याबरोबर जेवला. ती सवय त्याला अण्णानंच लावलेली. जाताना म्हणाला, भाऊ शोभतोस, गोमटेश. उद्या उठवशील न्हवं बंदी?

मी वायर गुंडाळून ठेवली.

१ जुलै, सोमवार
वहिनी चिकोडीला माहेरी गेल्या. ऑफिसातून आल्यावर बंदी उठवली. यादीत एकच नाव बरं दिसत नव्हतं. मग बोर्डासमोर बसलो. कुणी आलं नाही. बाहेरून येताच येत नाही.

नियमाचा विचार केला. पडद्यापुरता नागेंद्र परत गेला होता, तेव्हा नियम पुरा झाला. उपाध्यांना विचारायची गरज नाही.

दिवस मावळायला अवकाश होता. चहा ठेवला. खोलीत जाऊन पुन्हा एकदा बोर्ड बघून आलो, तोवर सगळा उतू गेला. ओटा पुसला.