सातव्यात न्यायला येतात

९ जानेवारी १९५५
ह्यांच्या गुळाच्या अडतीवर नव्या वर्षाच्या दोन डायऱ्या आल्या. दुसरी सासूबाई रद्दीत घालणार होत्या, मी मागून घेतली. आजपासून रोज लिहायचं. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या बाईनं नुसती वाण्याची यादी लिहीत बसायचं म्हणजे शिक्षणाचा अपमान आहे.
चौथा महिना संपत आला. कंबर थोडी धरते. थोडीच. बसताना, उठताना आणि कूस बदलताना. एरवी काही नाही.

१२ जानेवारी
हुपरीला आईला पत्र. सासूबाईंचं म्हणणं, माहेरी कार्डच घालावं. पाकीट म्हटलं की त्यात गाऱ्हाणं असतंय, चांगल्या घरची सून उघडं लिवती. मला पटलं. आपल्याला लपवायचंय काय?
कार्ड पोस्टात टाकायच्या आधी हे सासूबाईंना वाचून दाखवतात. तिकडे अप्पा आईला वाचून दाखवतात, तेही पैंजणं ठोकता ठोकता. आज लिहिलं, 'माझी तब्येत उत्तम आहे.' फक्त अक्षर जरा वाकडं काढलं. आईला वाचता येत नाही, पण ती प्रत्येक कार्ड हातात घेऊन बघते. तिला बरोबर कळणार.
कार्डाच्या तळाशी जागा उरली होती. तिथं ह्यांनी लिहिलं, 'सौ. त्रिशला घरकामात पूर्ववत मदत करते. काळजी नसावी.'

१५ जानेवारी
दोन दिवस लिहिणं राहिलं. पाण्याचे दिवस होते. अंगणातल्या नळाला पाणी पहाटे येतं आणि आठ बिऱ्हाडांच्या घागरी रांगेत. आमच्या सात घागरी मी भरते. सासूबाई मोजतात.

२ फेब्रुवारी, दुपार
ठराव.
एक, उद्यापासून सारवण बंद. ह्यांनी सासूबाईंशी बोलायचं कबूल केलंय.
दोन, दुपारी दोन ते तीन आडवं व्हायचं. काही झालं तरी.
तीन, कुणापुढे कण्हायचं नाही. कण्हणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

३ फेब्रुवारी
सारवलं. हे अजून बोलले नाहीत. सध्या गुळाचा सीझन जोरात आहे, दिवसाला दीडशे गाड्या येतात, माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. सीझन संपला की बोलतो म्हणाले. सीझन मार्चअखेर संपतो. म्हणजे काही फार दिवस नाहीत.
दुपारी आडवी झाले. दहा मिनिटांत उठावं लागलं. आमच्या जैनांत सूर्यास्ताच्या आत जेवायचं, म्हणजे चूल तीनला पेटवायची आणि त्याआधी पीठ मळायचं, डाळ निवडायची. धर्माचं काम, त्याला कंबर काय करणार?
संध्याकाळी ह्यांची पाठ धरली. दिवसभर गादीवर मांडी घालून बसून धरते म्हणे. सासूबाईंनी तेल गरम करून अर्धा तास चोळली. तेल मी गरम केलं.

१० फेब्रुवारी
आईचं कार्ड. पद्माक्कालाही दिवस आहेत, तिचा दुसरा. माझ्यापेक्षा दोन आठवडे मागं. सांगलीहून तिचं पाकीट आलं, चार पानी. कंबर इतकी दुखते की रडायला येतं असं लिहिलंय. 'ऐकून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तुझं उत्तम आहे वाचून तेवढाच जिवाला आधार,' असं आईनं लिहवून घेतलंय.
आई हुशार. हे कार्ड इथं मोठ्यानं वाचलं जाणार हे तिला ठाऊक आहे. पोरीची कंबर दुखली की आईचं काय होतं, हे तिनं पद्माक्काचं नाव घेऊन सासूबाईंना ऐकवलं. माझं वाकडं अक्षर पोचलं म्हणायचं.
पद्माक्का मात्र जन्माची रडकी. लहानपणी काटा माझ्या पायात मोडायचा आणि भोकाड ती पसरायची. कडेवर घ्यायचे तिला.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या शालूबाईंनी बळेच राजारामपुरीत लेडी डॉक्टरकडे नेलं. चालतच गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय होतंय? मी म्हणाले, विशेष काही नाही. मग आलात कशाला, म्हणाल्या. शालूबाईच मधे बोलल्या, की बाई, ही उठताना भिंतीला धरून उठती, आमी रोज बघतो की.
तपासलं. वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, दुपारी तासभर सपाट पडून राहायचं, रात्री गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. सगळं इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून दिलं. सरकारी कागदासारखा कागद. आता काम झालं.

१९ फेब्रुवारी, रात्री
ह्यांनी चिठ्ठी वाचली. विश्रांती घ्या म्हणतात, एवढंच सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मग रात्रीची काय उभी असती व्हय? ती चिठ्ठी आता देवळीत दिव्याखाली आहे, तेल पाझरू नये म्हणून.
उशी एकच जादा आहे. ती ह्यांच्या पाठीला.

२६ फेब्रुवारी
हे अगदीच निष्काळजी आहेत असं नाही. मी चुलीपुढे उकिडवं बसवत नाही म्हटल्यावर अडतीवरून एक लाकडी खोकं घेऊन आले. त्यावर बसून स्वयंपाक कर म्हणाले. अगदी बरोबर उंचीचं. सकाळभर राणीसारखी बसले. भाकरी थापायला खाली परात, तेवढं वाकावं लागतं, पण ते चालायचंच.
ह्यांना लोक उगाच नावं ठेवतात. म्हणजे मीच.

२७ फेब्रुवारी
खोक्याला वर्षभराचा गूळ लागलेला. पहाटे उठले तर चुलीपासून उंबऱ्यापर्यंत मुंगळ्यांची रांग. आमच्या घरात मुंगी मारायची नाही. सासूबाईंनी चूल पेटवू दिली नाही. जीव हायत ते, म्हणाल्या. मऊ कुंच्यानं एकेक मुंगळा सुपलीत घ्यायचा आणि परसात पेरूखाली नेऊन सोडायचा. दोन तास वाकून मुंगळे गोळा केले. सासूबाई शेजारी उभ्या राहून एकही पाय मोडू नये म्हणून बघत होत्या. एवढी दया मी जन्मात पाहिली नाही.
खोकं परसात. हे म्हणाले, आणलं होतं तर तुला सांभाळता आलं नाही.

६ मार्च
आज दुखणं जवळजवळ नाहीच. एरंडाची पानं गरम करून बांधली, त्यावर जुन्या नऊवारीचा पट्टा आवळला. सरळ उभी असेन तोवर काही होत नाही. सरळ उभं राहून करता येण्याजोगी कामं मोजली. वाळत घालणं. एवढंच निघालं. आणि वाळत घालायचे कपडे खाली बादलीत असतात.

२१ मार्च
सातवा लागला. आता किती दिवस राहिले? सातव्यात माहेरची माणसं हिरवं लुगडं घेऊन येतात, ओटी भरतात आणि न्यायचंच म्हणून नेतात. पहिलं बाळंतपण माहेरीच. आठव्यात गाडीत बसवायचं नसतं, म्हणून सातवा संपायच्या आत. सासूबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, एकोणीस एप्रिलच्या आत न्हेऊदेत, नायतर मग न्हाय.
हुपरीला आई मला चुलीकडे फिरकूही देणार नाही. दिवसभर सपाट पडून राहीन. तीन महिने. मी डोळे मिटून नुसतं छताकडे बघणार आहे. म्हणजे उघडून.
ट्रंक भरली.

२५ मार्च
ट्रंकेतली दोन पातळं परत काढावी लागली, रोजची कमी पडतात. ट्रंक पलंगाखाली असते. खाली बसून ओढली आणि मग अर्धा तास उठताच आलं नाही. सासूबाई आल्या तेव्हा जमिनीवरचं काहीतरी शोधतेय असं दाखवलं. कानातलं पडलं म्हटलं. त्या पण शोधू लागल्या.

२ एप्रिल
सीझन संपला. ह्यांना आठवण करून दिली. ह्यांनी विचारलं, कसली?
मी सांगितलं, सारवणाची. हे म्हणाले, आता थोड्या दिवसांसाठी कशाला आईचं मन दुखवायचं? तू माहेरी जाणारच आहेस की.
बरोबर आहे. मीही तेच म्हणणार होते.

४ एप्रिल
हुपरीला कार्ड. 'माझी तब्येत उत्तम आहे. सासूबाई फार जपतात. आपल्या सोयीनं न्यायला यावे.' एवढ्या ओळीतून आईला घाई कळेलच. शिवाय अक्षर या खेपेला मुद्दाम नाही काढलं वाकडं, आपसूकच आलं.

११ एप्रिल
आज येतील असं वाटलं. हुपरीहून पहिली मोटार अकराला येते. केस विंचरून बसले. म्हणजे उभी राहिले.

१४ एप्रिल
लग्नसराई आहे. अप्पांना पैंजणांच्या ऑर्डरी असणार. रविवारी नक्की. रविवारी सगळेच येतात.
सासूबाई म्हणाल्या, तुझ्या म्हायारच्यांना पंचांग ठावं न्हाय का? मी म्हणाले, त्यांची शेवटच्या दिवशी यायची पद्धत आहे. अशी काही पद्धत नाही.

१७ एप्रिल, रविवार
दोन्ही मोटारी येऊन गेल्या. शालूबाईंच्या घरी पाव्हणे आले.

१८ एप्रिल
कार्ड आलं. हे ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचू लागले. नंतर मी हातात घेऊन चार वेळा वाचलं, म्हणून इथं उतरवून ठेवते.
'चि. सौ. त्रिशलास अनेक आशीर्वाद. तुझी कार्डं वेळच्या वेळी येतात. तब्येत उत्तम वाचून तुझी आई साऱ्या गल्लीला सांगते, की माझी धाकटी खंबीर निघाली. पद्माचे मात्र फार हाल आहेत. दुसरेपणाचं म्हणून तिच्या सासरी ठेवणार होतो, पण तिचं तिसरं पाकीट आल्यावर तुझ्या आईला राहवेना. गुरुवारी तिला इकडे आणलं. एका घरात दोन बाळंतिणी नकोत असं तुझी आई म्हणते. तुझं तिथं सर्व नीट आहे, सासूबाई जपतात, जावईबापूही तसंच लिहितात, म्हणून तुझी काळजी नाही. बारशाला सगळे येऊ. लुगडं पाठवतो आहे.'
वाचून झाल्यावर ह्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. मग सासूबाई म्हणाल्या, पयलटकरणीला न्यायला येईनात, आता चार लोकांत काय सांगायचं? आणि बाळंतपणाचं कोण बघनार, मी? माझं गुडघं धरल्यात.
हे म्हणाले, बघ, खंबीर लिहिलंय तुला.

१८ एप्रिल, संध्याकाळ
ह्यांना सांगितलं. सरळ सांगितलं, पहिल्यांदा. माझी कंबर जानेवारीपासून दुखते, मला उठता येत नाही, बसता येत नाही, पहाटे घागर उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मला हुपरीला पोचवा, पद्माक्का असली तरी चालेल, मी माळवदावर झोपेन.
हे खरंच चकित झाले. म्हणाले, पण तू तर थोडीच धरते म्हणायचीस. कार्डावर तर उत्तम लिहायचीस. मी स्वतः वाचलीत की सगळी.
मग म्हणाले, आता न बोलावता गेलं तर अप्पांना वाटेल, आम्हीच घालवून दिलं. तसं बरं दिसत नाही.
खूप रडले. राग कुणाचा आला ते नीट सांगता येत नाही. आईचा सगळ्यात जास्त आला. तिनं ऐकलं तसं खरं मानलं, दुसरं काय केलं? तरी तिचाच आला.

२० एप्रिल
आठवा लागला. सासूबाई नळावर सगळ्या बायकांना सांगत होत्या, की आमची सून म्हंजे सून हाय, चार म्हैन्यांत तोंडातनं एक शबुद न्हाय. माझ्यासमोर सांगितलं. लग्न झाल्यापासून याच वाक्याची वाट बघत होते.
सात घागरी.

२३ एप्रिल
ठरलं. पाकीट लिहायचं. शालूबाईंकडून आणवलं, त्याच पोस्टात टाकतील, घरी कुणाला कळायचं नाही. पहिल्यापासून सगळं लिहिणार. सारवण, चिठ्ठी, मुंगळे, उशी, सगळं. चार पानं नाही, आठ पानं. पद्माक्काला आठ पानं जमली नसती. आई आठव्या महिन्याचं वगैरे काही बघणार नाही, बैलगाडीत गादी घालून घेऊन जाईल. उद्या दुपारी सासूबाई बस्तीत देवाच्या दर्शनाला जातात, तेव्हा बसून लिहीन.

२४ एप्रिल, दुपारी ३
सासूबाई बस्तीत. जमिनीवर बसून लिहायला घेतलं, 'सौ. आईस शिरसाष्टांग' इतकं झालं आणि कंबरेत अशी कळ आली की दौत लवंडली. भिंतीला टेकून बघितलं. आडवी होऊन बघितलं, टाकातून शाई उतरत नाही. गुडघ्यांवर बसून दोन ओळी झाल्या. आठ पानांना बसावं लागतं.
खिडकीच्या कट्ट्यावर कार्ड ठेवलं तर उभ्यानं लिहिता येतं. कार्डाला चारच ओळी लागतात. तीनला चूल पेटवायची होती.
लिहिलं. 'लुगडं मिळालं, रंग आवडला. माझी तब्येत उत्तम आहे. पद्माक्काला जपा, तिला वाकू देऊ नका.'