लग्नपत्रिकेतले साहेब

सातारा, ४ एप्रिल २०२५

तीर्थरूप नानासो दादांस,
धाकट्या जोतीरामचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

ड्यूटीवर फोन बंद ठेवावा लागतो, म्हणून पत्र. पलटणीतून आल्यावर नऊ वर्षं कारखान्याचं गेट सांभाळलं. येईल त्याला अडवायचं, वहीत नाव लिहून घ्यायचं, झालं. आता मालकांचा, वीरधवल साहेबांचा अंगरक्षक झालोय आणि जीव मेटाकुटीला आलाय. एका कंत्राटदाराला काढल्यापासून त्यांना जिवे मारायच्या धमक्या येतात. रोज रस्ता बदलू म्हटलं, तर यांना त्याच टपरीवरचा चहा लागतो. कारखाना निदान जागचा हलत नव्हता!

आपल्या रविराजच्या लग्नाला, २ मेला, साहेब येतो म्हणतात. ही गोष्ट घराबाहेर जाऊ देऊ नका. वहिनींना नमस्कार.

माया असू द्यावी,
जोतीराम

आटपाडी, १२ एप्रिल

चि. जोतीरामास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. एवढा मोठा माणूस आपल्या दारी! तोंडानं कुठं बोललो नाही. फक्त पत्रिकेत प्रमुख उपस्थिती म्हणून साहेबांचं नाव छापलं, आणि स्टँडसमोर फ्लेक्स लावला. त्यावर साहेबांचा फोटो, तारीख, मुहूर्ताची वेळ, सगळं आहे. खाली कोपऱ्यात तूही आहेस. तुझी वहिनी म्हणत होती, आधी भावजींना विचारा. पण तिला सगळ्यातच भीती.

आपण दोघांनी दोनशे मेंढरं राखली, आणि तुला एक माणूस जड होतो? रविराज म्हणतो, घोड्यावर मला काकाच बसवणार. लवकर ये.

तुझा दादा, नानासो

सातारा, २० एप्रिल

तीर्थरूप दादांस, शि. सा. नमस्कार.

फ्लेक्स आजच्या आज उतरवा. काय करून बसलात हे! साहेबांना सगळं सांगून, जाऊ नका म्हणालो. त्यांना आपला फोटो आवडला. नाव छापल्यावर न जाणं शोभत नाही, म्हणाले. मेंढरं हाक मारली की वळतात तरी.

गेटवर असतो तर बदली माणूस उभा करून चार दिवस आधी आलो असतो. इथं माझ्या जागी दुसरा कुणी नाही. त्यामुळे मी येईन तो साहेबांबरोबर, आणि जाईनही त्यांच्याबरोबर. रविराजला घोड्यावर दुसऱ्या कुणी बसवावं. अक्षता पडतील तेव्हा मी गर्दीकडे तोंड आणि त्याच्याकडे पाठ करून उभा असेन. त्याला आधीच सांगून ठेवा, काका रुसला असं वाटायला नको.

तुमचा फार राग आलाय, दादा. तरी लोभ आहे तसाच आहे, तुमचाही राहू द्या.

आपला,
जोतीराम