कासवासाठी कापलेल्या जाळ्यांबाबत

मी, खाली सही करणार वामन चिंधू तामोरे, वय चौऱ्याहत्तर, आधी बोटीवरचा तांडेल, मग मच्छीमारांचा पुढारी, राहणार मुरबे, जिल्हा पालघर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. ते मला माहीत आहे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते मुलगा मेहुल आणि मुलगी हिमानी यांना निम्मे-निम्मे. हिमानी सासरी गेली म्हणून तिचा हिस्सा कमी, असे कोणी म्हणाल्यास त्याने माझी भाषणे झोपेत ऐकली असे समजावे. बँकेतली ठेव माझ्या क्रियाकर्मानंतर उरेल तेवढी दोघांनी वाटून घ्यावी.

२. पुस्तके नात दिशा हिला. समासात मी लेखकांशी भांडलो आहे. तिने माझ्याशी भांडावे.

३. माईक आणि कर्णे नवापूरच्या भजनी मंडळाला. त्यावरून कोणाचा प्रचार होऊ नये. कारण पुढे येते.

४. समुद्रातले दुर्मिळ जीव वाचवण्यासाठी सरकारने योजना काढली. कासव जाळ्यात सापडले तर जाळे कापून सोडा, जाळ्याची भरपाई सरकार देईल. वनखात्याचे साहेब माझ्याकडे आले, म्हणाले, "लोक तुमचं ऐकतात." मी मुरबे, दांडी, नवापूर, सगळीकडे याच माईकवरून गरजलो : "कापा! सरकार भरून देईल!" पहिल्या दोघांना भरपाई मिळाली तेव्हा त्यांना मंचावर उभे करून मी टाळ्या वाजवून घेतल्या.

मग चंद्रकांता वहिनींच्या बोटीत मोठे कासव आले. त्या माझ्या दिवंगत मित्राच्या पत्नी. आता बोट मुलगा इंद्रजीत चालवतो. त्याने नवे कोरे जाळे कापले, कासव बोटीवर घेतले आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पाठीला हळदकुंकू लावून, हात जोडून सोडले. भरपाईसाठी फोटोही काढला, हळदकुंकवाचा. प्रकरण शेरा मारून परत आले. कासव जाळ्यात दिसत नाही, आणि संरक्षित प्राण्याला रंग लावणे नियमात बसत नाही.

पुढच्या वेळी पोरांनी कुंकू लावले नाही. नियमाप्रमाणे पाण्यातच, जाळ्यासकट फोटो काढला. मंजुरी आली. सोबत एक ओळ होती : निधी उपलब्ध झाल्यावर. त्या वर्षी खात्याने किनाऱ्यावर फायबरचे मोठे कासव मात्र बसवले. त्याच्या अनावरणाला मुख्य वक्ता मीच होतो.

वहिनी तिथे म्हणाल्या, "भावजी, तुमचं सरकार कासवाला वळखतं. आमाला नाय."

 परत येऊन किनाऱ्यावरच्या माझ्या खोपटातले एक जाळे त्यांच्या अंगणात टाकले. तेव्हापासून कासवासाठी ज्याने कापले, त्याने माझ्याकडून जाळे न्यायचे, असे चालू आहे. निधीसाठी मंत्रालयात खेपा घातल्या, उपोषणाला बसलो. दर वेळी नवा साहेब आणि तोच चहा.

५. अनावरणाच्या दिवशी मला मिळालेली शाल खात्याला परत करावी आणि पोच घ्यावी. घडी मोडलेली नाही.

६. किनाऱ्यावरचे खोपट आणि आतली सगळी जाळी. मेहुल बोईसरला कारखान्यात कंत्राटी आहे, त्याची ओढाताण मला दिसते. तो म्हणतो, "बाबा, जाळी भंगारात द्या. इथं दोन गाळे निघतील. कासवांनी आपल्याला काय दिलंय?" त्याचे चुकत नाही. तरी खोपट त्याला नाही. ते चंद्रकांता वहिनींच्या ताब्यात राहावे. जो कापेल त्याला जाळे द्यावे. फोटो मागू नये. मेहुल, रागव, पण कोर्टात जाऊ नकोस.

७. <s>सरकारच्या वतीने मी दिलेला शब्द या मृत्युपत्राने रद्द करतो. माझ्या सांगण्यावरून यापुढे कोणी जाळे कापू नये. खोपट रिकामे झाले की हा विषय संपला.</s>

खुलासा : सही करण्यापूर्वी हे सर्व मी वहिनींना वाचून दाखवले. सातवे कलम ऐकून त्या हसल्या.

"तुमच्या भाषणावर आमी कापलं असं वाटतं तुमाला? माजा सासरा कापायचा, तवा सरकार कुठं व्हतं? कुंकू लावायचं, सोडायचं. तुमी फक्त भरपाईचं सांगितलं. तेवढंच खोटं निघालं."

मी विचारले, "आणि खोपट रिकामं झाल्यावर?"

"तवा शिव्या देऊ. तुमाला पन देऊ. आन् कापू."

म्हणून सातवे कलम साक्षीदारांसमोर खोडले आहे. त्याऐवजी एवढेच : भरपाई हा उपकार नव्हे. ती मागत राहावी. मी थकलो, मागणी थकलेली नाही. आणि पुढच्या कासवाला खुशाल कुंकू लावावे.

माझ्या शोकसभेत भाषण नको.

सही : वामन चिंधू तामोरे
साक्षीदार : १. पुंजाराम (शेजारी, निवृत्त कामगार) २. येसूबाई (अंगठा)
स्थळ : मुरबे
दिनांक : ८ जानेवारी २०२६