मोटेचे दोन दोर

आई, माझा नातू आता होडी चालवायला शिकतो आहे. शिडाची, लहान, दोन माणसांची. मागच्या आठवड्यात त्याने फोनवर मला त्याच्या परीक्षेतला प्रश्न सांगितला. भर पाण्यात सुकाणू तुटून गेलं तर काय कराल? उत्तर त्याला पाठ होतं. मागच्या बाजूला वल्हं बांधून त्याने दिशा द्यायची. ते नसेल तर शीड कमीजास्त करून आणि आपण या कडेवरून त्या कडेवर सरकून नाव वळवायची. तेही जमलं नाही तर दोन दोरांना बादली बांधून ती मागे ओढत न्यायची, आणि वळायचं असेल त्या बाजूचा दोर खेचायचा. मी म्हटलं, बादली नाही, मोट. तो म्हणाला, "आजी, मोट म्हणजे काय?" विहीर, बैल, बैल उतरतात ती धाव, इथपर्यंत मी पोहोचले आणि त्याला कुणीतरी हाक मारली. उरलेलं तुला लिहिते आहे.

धरणाचं पाणी आलं तेव्हा मी लहान होते. नदीकाठचा आपला मळा मला तुकड्यांनीच आठवतो. बाबा पलटणीत, त्यामुळे मोट तू हाकायचीस. बाईमाणूस मोट हाकतं म्हणून लोक बांधावर थांबून बघायचे, आणि तू त्यांना म्हणायचीस, "बघताय तर पाटाचं दारं मोडून पाणी तरी फिरवा." मग मळा गेला, विहीर गेली, आपण वर डोंगराच्या उतारावर राहायला आलो. मोट तेवढी तू वर आणलीस. चामड्याची, तोंडाला लोखंडी कडं, खाली निमुळती होत गेलेली सोंड. दर उन्हाळ्यात तू ती माळ्यावरून काढून तिला तेल चोळायचीस. सुट्टीवर आलेले बाबा हसायचे. "बुडल्याली इहीर, आन् मोटंला मालिश." तू आणखी तेल घ्यायचीस.

बाबा पेन्शनीत निघाले आणि सांगलीच्या पूर्वेला, त्या कोरड्या मुलखात, आपल्याला बदली जमीन मिळाली. तुला जायचं नव्हतं. भांडण झालं नाही. तू फक्त दर वेळी काहीतरी कारण काढायचीस. भात कापायचं आहे, म्हैस गाभण आहे. मला जायचं होतं. मॅट्रिकची अकरावी झाली होती, सांगलीला कॉलेज होतं, आणि इकडे दोन डोंगर पलीकडच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली होती. त्या घरातली माणसं वाईट नव्हती. मी तुला यातलं काही बोलले नाही. निघायच्या सकाळी तू चूल सारवत होतीस. सोडून जायच्या घरातली चूल. बाबा दारात उभे. तू मागे न बघता म्हणालीस, "येक सांगते. आज निघतोय ते निघतोय. पर नाव फिरून ह्या काठाला लागली, तर मी पुन्ना चढायची न्हाई." बाबा म्हणाले, "अगं, लागंल कशी?" तू सारवत राहिलीस. मला ते एकदम खरं वाटलं. तू बोललेली गोष्ट फिरवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

नाव चुलत्यांची होती, आणि ते आपल्याला पूर्वेच्या काठाला सोडून परत येणार होते. तिथे आपला ट्रक उभा होता. नावेत भांडी, पेटी, कोंबड्यांची पाटी, आणि सगळ्यात वर मोट. बाबा म्हणाले होते, तिकडं हिरीवर इंजिन हाय, मोट कशाला? तू ती स्वतः डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत उतरलीस. सुकाणू चुलत्यांकडे. तुझ्याकडे ते कुणी देत नसे, कारण त्याची मूठ उलटी चालते, उजवीकडे जायचं तर डावीकडे ढकलावी लागते. तू कासरा ओढावा तशी ती हव्या त्या बाजूला ओढायचीस आणि नाव भलतीकडे जायची. चुलते म्हणायचे, "वैनी, ह्यो बैल उलट्या डोक्याचा हाय." तू म्हणायचीस, "मग त्येचं डोकं सरळ करा. माझ्या मागं का लागताय?"

मे महिना. पाणी खाली गेलेलं, वारा उत्तरेकडून दरीत उतरलेला. मधोमध पोहोचतो तोच पाण्याखालच्या कशाला तरी नाव घासते. चुलते हातातल्या मुठीकडे बघतात. नुसती मूठ.

"दादा, ह्ये निघालं."

"काय निघालं?"

"समदंच."

बाबा आधी हसले. मग नावेने तोंड फिरवलं आणि वारा आपल्याला दक्षिणेकडे लोटायला लागला, तेव्हा थांबले. तिकडे दरी अरुंद होते. बुडालेल्या आमराईचे शेंडे उन्हाळ्यात तिथे पाण्याबाहेर येतात, वाळलेले, टोकदार. आदल्या उन्हाळ्यात एक नाव त्यांच्यावर फाटली होती, आणि पोहता येणारा माणूसही वर आला नव्हता. आपल्यापैकी बाबांनाच पोहता येत होतं.

पलटणीत बाबा नद्यांवर पूल बांधणाऱ्यांत होते. त्यांनी हुकूम द्यायला सुरुवात केली. शीड निम्मं उतरवलं. वल्हं मागे दोराने आवळून त्यावर दोन्ही हातांनी भार दिला. नाव थोडी ऐकायला लागली आणि वल्हं मानेशी मोडलं. मग आपल्याला एका कडेला बसवलं, मग दुसऱ्या. नाव कलायची, जरा वळायची, आणि पुढच्या झोताला पुन्हा तोंड फिरवायची. "घाबरायचं न्हाई, घाबरायचं न्हाई," ते म्हणत होते. कोंबड्या ओरडत होत्या. त्या वेळात तू मोटेची गाठ सोडलीस. मोट ओढायचा जाड दोर, नाडा, कड्याच्या एका अंगाला बांधलास, आणि सोंडेचा बारीक दोर, सोंदूर, दुसऱ्या अंगाला.

"ही टाका मागं."

"अगं, भरली की बुडवंल ती आपल्याला!"

"आवं, सोंड उघडी हाय तिची. हिकडनं घिईल, तिकडनं सोडंल. भरून बसायची न्हाई. टाका म्हंते न्हवं."

बाबांनी टाकली. नावेला मागून हिसका बसला. आणि तिचं ते वेड्यासारखं फिरणं थांबलं. तू मागच्या फळीला पाय रोवून, मागे तोंड करून बसलीस, दोन्ही दोर दोन्ही हातांत. एक ओढून पाहिलास. मोट त्या अंगाला सरकली आणि नावेचं तोंडही त्याच अंगाला गेलं. कासऱ्यासारखं. चुलते म्हणाले, "आयला, वैनीचा बैल सापडला की!" तूही हसलीस. तुझे हसतानाचे दात मला आत्ता दिसत आहेत.

मग सगळ्यांना एकाच वेळी कळलं. वारा पाठीवर होता. आमराई अजून पुढे होती. दोन्ही काठ सारखेच लांब होते, आणि आता दोन्हींकडे जाता येत होतं. उजवीकडे आपला उतार, आपलं घर, कडीला सुतळी बांधलेलं दार. डावीकडे ट्रक जिथे उभा होता तो काठ. इतका वेळ हुकूम देणारे बाबा हात पुसत राहिले. तुझी सकाळची अट त्यांनी ऐकली होती, आणि जीव वाचवणाऱ्या हातांना काय सांगायचं? शेवटी चुलत्यांनी विचारलं, "वैनी, कंच्या काठाला?"

"बघते," तू म्हणालीस.

नाव डावीकडे लागली.

उतरल्यावर तू मोट ओढून घेतलीस. सोंड कशाला तरी अडकून फाटली होती. तू ती पिळलीस, घडी घातलीस आणि ट्रकमध्ये पायाशी ठेवलीस. बाबा "शाब्बास" म्हणाले. तू म्हणालीस, "आधी कोंबड्यास्नी सावली करा."

पुढचं तुला माहीत आहे. सांगली, कॉलेज, शाळेतली नोकरी. इंजिनाचं पाणी घातलेल्या तुझ्या ज्वारीवर बसणारे पक्षी. त्या काठाचं नाव तू परत काढलं नाहीस, मीही कधी विचारलं नाही. पण ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली, वर्गात मुलींना सांगितली. माझ्या आईच्या हातात दोन्ही काठ होते, आणि तिने स्वतःचा सोडून माझा निवडला, असं. अवघड दिवसांत मी स्वतःलाही ते सांगत आले. इतक्या वेळा सांगितलं की त्यावर वजन टाकून उभं राहता येतं.

नातवाला हे पाठवणार होते. पाठवणार नाही. त्याला परीक्षेपुरतं उत्तर येतं आहे. तू "बघते" म्हणालीस तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा नाव वळलेली होती आणि दोर तुझ्या हातांत होते. त्यातला कोणता ताठ होता, की दोन्ही सैल सोडून तू वाऱ्याला ठरवू दिलंस, हे मी पाहिलेलं नाही.